अहिराणी शब्दयादीचे प्लगिन निक्समधून बसवताना 'लिहिण्याची परवानगी नाही' ही त्रुटी का येते

नमस्कार भाऊ,

आपण धुळ्याहून विचारले आहे की, अहिराणी शब्दांची यादी असलेले आपले निओव्हिम या मजकूर-संपादकाचे (एडिटरचे) छोटे प्लगिन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, हाताने फोल्डरमध्ये टाकले की नीट चालते, पण तेच निक्स या पॅकेज-व्यवस्थापकावर चालणाऱ्या होम मॅनेजरच्या (घरच्या फोल्डरची मांडणी लावणाऱ्या साधनाच्या) कॉन्फिगरेशनमधून बसवले की 'लिहिण्याची परवानगी नाही' अशी त्रुटी येते आणि 'आंडोर', 'माले', 'शे' या शब्दांखालची शुद्धलेखन तपासणीची लाल रेघ जात नाही. आपण जोडलेली फाइल मी वाचली. कॉन्फिगरेशनमध्ये चूक नाही. अडचण प्लगिनच्या स्वभावात आहे.

आपले प्लगिन एडिटर सुरू होताच एमकेस्पेल ही आज्ञा चालवते आणि साध्या यादीपासून तयार होणारी, शुद्धलेखन तपासणीला लागणारी एसपीएल फाइल स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवू पाहते. घरच्या फोल्डरमध्ये हे चालून जाते. निक्स मात्र प्रत्येक पॅकेज एकदाच बांधतो, हॅश (ओळख पटवणारी लांब अक्षरमाला) असलेल्या नावाने स्टोअर या आपल्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि त्यानंतर त्या जागेत कोणालाही काही लिहू देत नाही. मागच्या जनरेशनवर, म्हणजे आधीच्या मांडणीवर, निर्धास्तपणे परत जाता येते ते याच बंधनामुळे. म्हणून कोणी स्टोअरच्या परवानग्या बदलण्याचा सल्ला दिला, तर तो कृपया ऐकू नये.

जे काम प्लगिन उघडताना करते, ते बांधणीच्या वेळी उरकून घ्यावे. प्लगिनचे पॅकेज बांधणाऱ्या बिल्डव्हिमप्लगिन या निक्सच्या फंक्शनला आपण नाव, आवृत्ती आणि स्रोत दिलेलेच आहेत. त्यात बांधणीची साधने म्हणून निओव्हिमची मूळ, अनरॅप्ड (निक्सचे वेष्टन नसलेली) आवृत्ती जोडावी आणि प्रीइन्स्टॉलच्या, म्हणजे फाइल जागेवर बसवण्याआधीच्या, टप्प्यात निओव्हिम हेडलेस पद्धतीने, म्हणजे पडद्याविना, कोणतेही कॉन्फिगरेशन न वाचता चालवून एमकेस्पेलची आज्ञा द्यावी. बांधणीच्या बंदिस्त जागेत होम फोल्डर अस्तित्वातच नसते, त्यामुळे त्या आज्ञेच्या आधी होमचा पत्ता तात्पुरत्या फोल्डरकडे वळवून घेतलेला बरा. तयार झालेली फाइल 'स्पेल' नावाच्या उपफोल्डरमध्येच असावी आणि तिचे नाव भाषेचे संक्षिप्त रूप, मग यूटीएफ-८, मग एसपीएल असे असावे. अहिराणीसाठी आयएसओ ६३९-३ मध्ये 'एएचआर' हे तीन अक्षरी रूप आहे. तेच घ्यावे आणि स्पेललँग या तपासणीची भाषा ठरवणाऱ्या पर्यायातही तेच लिहावे. यानंतर प्लगिनच्या ल्युआ फाइलमधली एमकेस्पेलची ओळ काढून टाकावी, नाहीतर तीच त्रुटी पुन्हा दिसेल.

यादी फ्लेकच्या (निक्स प्रकल्पाच्या) फोल्डरमध्ये ठेवली असेल, तर ती आधी गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात जोडावी. कमिट नसले तरी चालते, पण गिटला ठाऊक नसलेली फाइल फ्लेकच्या दृष्टीने नसतेच. भुसावळला एका रात्री मी याच कारणापायी दोन तास घालवले: फाइल डोळ्यांसमोर होती आणि त्रुटी म्हणत होती की ती अस्तित्वात नाही. प्लगिन गिटहबवरून घेणार असाल, तर हॅश आधीच शोधत बसू नये. तिथे फेकहॅश, म्हणजे निक्समधला खोटा हॅश, लिहून बांधणी चालवावी, ती अडेल आणि खरा हॅश 'गॉट' या शब्दापुढे छापून देईल, तो उचलून जागेवर ठेवावा.

आपण झेड-जी दाबून नवे शब्द जोडता, असेही लिहिले आहे. ते शब्द रोज बदलणारे असल्याने स्टोअरमध्ये जाऊ शकत नाहीत. त्यासाठी स्पेलफाइल हा पर्याय घरच्या फोल्डरमधल्या, लिहिता येणाऱ्या फाइलकडे वळवावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिथे साठलेले शब्द निवडून मूळ यादीत आणावेत. मला ही विभागणी उलट सोयीची वाटते, कारण घाईत जोडलेला चुकीचा शब्द थेट पक्क्या यादीत शिरत नाही.

आपल्या फाइलमध्ये लेझी हा प्लगिन-व्यवस्थापकही दिसला. तो मूळ मांडणीत पॅकपाथ आणि रनटाइमपाथ (निओव्हिम प्लगिने आणि फाइली जिथे शोधतो त्या पत्त्यांच्या याद्या) दोन्ही नव्याने रचतो, त्यामुळे निक्सने बसवलेली प्लगिने कोणतीही त्रुटी न देता गायब होतात. दोन्ही ठेवायचेच असतील, तर लेझीच्या परफॉर्मन्स विभागातले ते दोन रीसेट बंद करावेत. माझे मत विचाराल, तर एकच कारभारी असावा.

यादीवर काम चालू असताना प्रत्येक शब्दासाठी होम मॅनेजरचे स्विच (बदल लागू करणारी आज्ञा) चालवणे कंटाळवाणे आहे. तेवढ्या दिवसांपुरते कामाचे फोल्डर रनटाइमपाथच्या सुरुवातीला जोडावे, एसपीएल तिथेच हाताने बनवावी आणि काम संपल्यावर ती ओळ काढावी. स्विच झाल्यानंतर शुद्धलेखन तपासणी चालू करून स्पेलइन्फो ही आज्ञा द्यावी. त्या बफरसाठी (उघडलेल्या मजकुरासाठी) कोणती एसपीएल फाइल कोणत्या पत्त्यावरून वाचली गेली, ते ती दाखवते. पत्ता निक्स स्टोअरचा नसेल, तर त्या आज्ञेचा पूर्ण मजकूर इथे द्यावा.