कोकमाच्या साली आणि दहा लिटरचा कुकर

प्रश्न : बाई, आम्ही जांबोटी भागातल्या बचत गटातल्या बायका. एप्रिल-मेमध्ये कोकमाच्या साली साखरेत मुरवून सरबताचा पाक करतो. पाक गाळला की साली उकिरड्यावर जातात. परवा एका प्रदर्शनात कळलं, या सालींत अँटिऑक्सिडंट शिल्लक असतात आणि दाबाखालच्या पाण्यानं ते निघतात, केमिकल लागत नाही. दाबच हवा तर आमच्याकडे दहा लिटरचा कुकर आहे. त्यात जमेल का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, सालीत माल शिल्लक आहे हे खरं, पण कुकर नको. का ते सांगते.

दाब सालीला पिळून काढतो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. दाबाचं मुख्य काम म्हणजे पाण्याची वाफ होऊ न देणं. अर्क काढते ती उष्णता. साधं पाणी मीठ-साखर सहज विरघळवतं, पण तेलकट वळणाचे पदार्थ त्याला दाद देत नाहीत. तेच पाणी 200 अंशांपर्यंत तापवून द्रव ठेवलं, तर त्याचा स्वभाव बदलतो, जवळजवळ मिथेनॉल या विषारी अल्कोहोलसारखा होतो. मग अर्क विरघळवून काढायला असल्या विषारी द्रावकाची गरज उरत नाही. या पद्धतीला ‘हिरवी’ म्हणतात ते यासाठी. प्रयोगशाळेतल्या यंत्रात वाळलेल्या सालीची पूड पोलादी नळीत भरतात, साधारण 100 बार (एक बार म्हणजे जवळपास आपल्या भोवतालच्या हवेचा दाब) दाब देतात आणि पाच ते वीस मिनिटांत अर्क बाहेर घेतात. आपल्या कुकरची शिटी बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम एक बार जास्त दाब धरते, म्हणून पाणी 120 अंशांच्या आसपासच थांबतं. म्हणजे कुकर या कामाला अपुरा.

आणि कोकमाच्या रंगाला तेवढीही आच सोसत नाही. गेल्या मे महिन्यात माहेरून आणलेल्या सालींवर मी स्वतः करून बघितलं. एक वाटी साली कुकरमध्ये तीन शिट्ट्या, एक वाटी कोमट पाण्यात रात्रभर. सकाळी कोमट पाण्यातला अर्क गडद लाल होता, कुकरमधला गुळवणीसारखा तपकिरी. दोन्हींत चिमूट चिमूट खायचा सोडा टाकत गेले. दोन्हींवर फेस आला, पण लाल अर्क निळसर-काळपट झाला आणि तपकिरी होता तसाच राहिला. कोकमाचा लाल रंग म्हणजे अँथोसायनिन. आंबटात तो लाल असतो, आंबटपणा मोडला की निळ्याकडे झुकतो. जो बदललाच नाही, त्यातला रंग मेला होता. शिवाय कुकर ॲल्युमिनियमचा असेल तर कोकमाचा आंबटपणा त्यालाही खातो.

इथं एक फसगत आहे, ती नीट ध्यानात घ्या. तुमच्या सालींत साखर मुरलेली आहे. खूप तापवली की साखर करपते आणि त्यातून नवेच तपकिरी पदार्थ तयार होतात. अँटिऑक्सिडंट मोजायला जांभळं डीपीपीएच द्रावण वापरतात. ते जितकं फिकं पडेल तितका आकडा मोठा. गंमत म्हणजे हे करपलेले पदार्थही ते फिकं पाडतात! आकडा वाढलेला दिसतो, पण तो कोकमाचा नसतो. म्हणून कुणी नुसता आकडा दाखवून यंत्र विकायला आलं, तर अर्क किती अंशांवर काढला ते आधी विचारा.

तुमच्या सालींतली खरी दौलत मला वेगळीच वाटते : गार्सिनॉल. हा पिवळा पदार्थही अँटिऑक्सिडंटच, पण तो पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तुमच्या पाकात तो फारसा उतरलेलाच नाही, सालीतच बसलाय. त्याला अल्कोहोल लागतं. दाबाखालच्या यंत्रात पाणी आणि इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, मिसळून बेताच्या उष्णतेवर काम करता येतं. इथेनॉल आपल्या जिल्ह्याला नवं नाही, साखर कारखान्यांच्या मळीतून ते निघतंच. पण ते बाळगायला अबकारी खात्याचा परवाना लागतो आणि कुकरमध्ये तर अल्कोहोल चुकूनही तापवू नका. त्याची वाफ पेट घेते. हे मी हात जोडून सांगते.

यंदा एवढंच करा. पाक गाळल्यावर साली लगेच स्टीलच्या ताटांत पातळ पसरा, सावलीत वाऱ्यावर वाळवा. तुमच्याकडं पाऊस लवकर येतो, तेव्हा मे संपायची वाट बघू नका. मोडल्यावर कडकन आवाज आला की हवाबंद डब्यात भरा. त्यातला थोडा नमुना बेळगावातल्या एखाद्या कॉलेजच्या रसायन विभागात दाखवा, नाहीतर म्हैसूरच्या सीएफटीआरआयला पत्र टाका. अन्नावर संशोधन करणारी ही सरकारी संस्था आहे. अँथोसायनिन आणि गार्सिनॉल वेगवेगळं मोजून मागा. आणि आकडे कितीही चांगले आले तरी बाटलीवर ‘रोग बरे होतात’ असं छापू नका. परीक्षानळीत रंग फिका पडणं वेगळं, माणूस बरा होणं वेगळं.

पुढच्या पत्रासोबत मूठभर वाळलेल्या साली पाठवा. सोड्याची परीक्षा मी इथं करून कळवते.