लेक सासरी गेली म्हणून मांजरीचे केस गेले?

ऑगस्ट संपता संपता नेरूळहून एका काकूंचा फोन आला. नावं सगळी बदललीयेत, मांजरीचंसुद्धा. "ताई, आमची मनी खंगत चाललीये हो, मे महिन्यात लेकीचं लग्न झालं, ती गेली बंगळूरला, आणि हिने ते एवढं मनाला लावून घेतलंय की पोटावरचे केस पार गेलेत, शेपटीजवळ तर नुसती कातडी दिसते. मांजरीच्या टेन्शनवर काही औषध असतं का?"

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते, मांजर-कुत्री पाळणाऱ्या घरांचं समुपदेशन करते. पशुवैद्य नाही, त्यामुळे औषध मी सांगत नाही. पण हा प्रश्न मला सारखा येतो. कोणाचा नवरा दुबईला गेलेला असतो, कोणाकडे बाळ आलेलं असतं, कोणी वर्तकनगरहून घोडबंदरला घर बदललेलं असतं आणि तेवढ्यात मांजरीचे केस जायला लागतात, मग घरातले सगळे मिळून ठरवतात की हे टेन्शनच. खरं सांगते, काकूंच्या त्या पहिल्या फोनला मलाही ते पटलं होतं. त्या बोलता बोलता रडल्या, आणि समोरचं माणूस रडत असताना त्याचं म्हणणं खोडावंसं वाटत नाही.

फोन ठेवल्यावर मात्र तारखा जुळेनात. लग्न मे महिन्यात आणि केस जायला लागले ऑगस्टच्या मध्यावर. मग अडीच-तीन महिने मनी ठणठणीत कशी राहिली? पुन्हा फोन लावला आणि विचारलं, काकू, खाजवते का ती? तर म्हणाल्या, "छे हो, खाजवत अजिबात नाही, नुसती चाटत बसते, अंग साफ करते बिचारी, रात्री तर तासन् तास."

इथेच बहुतेक घरं फसतात. कुत्र्याला खाज सुटली की तो पाय आपटून आपटून खाजवतो, आवाज येतो, घरभर कळतं. मांजर खाज चाटून काढते. तिच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, त्याच त्या जागेवर ती जीभ फिरत राहिली की केस तुटतात, आणि बऱ्याच मांजरी हे कोणाच्या नजरेसमोर न करता पलंगाखाली नाहीतर रात्री अंधारात करतात, त्यामुळे घरच्यांना वाटतं केस आपोआप गळतायत. उलटीत केसांचे गोळे जास्त यायला लागले, शीमध्ये केस दिसायला लागले, तर समजा की गळत नाहीयेत, चाटून काढले जातायत. उजाड जागेवरून उलट्या दिशेने बोट फिरवलं तर दाढीच्या खुंटासारखं टोचतं, तीसुद्धा चाटल्याचीच खूण. डॉक्टर दोन-चार केस मायक्रोस्कोपखाली धरतात तेव्हा टोकं तुटलेली आहेत का निमुळती आहेत ते स्पष्ट कळतं.

काकूंनी फोटो पाठवले. पाठीचा मागचा भाग, शेपटीचं बूड, मागच्या मांड्या, पोट. ज्यांनी हे आधी पाहिलंय त्यांच्या मनात पहिला शब्द पिसवा हाच येतो. मी तसं म्हटल्यावर काकू दुखावल्या. "ताई, आमच्या घरात रोज दोनदा फरशी पुसली जाते, मनी चौथ्या मजल्यावरून कधी खाली उतरलेली नाही, आणि मी रोज तिच्या अंगावरून हात फिरवते, एकसुद्धा पिसू दिसलेली नाही मला." बोलण्यात थोडा रागही होता आणि तो मला समजतो. पिसवा म्हटलं की लोकांना घाण घर ऐकू येतं, म्हणून हे आधीच सांगते, पिसवांचा आणि तुमच्या स्वच्छतेचा संबंध फार थोडा असतो.

आणि अंगावर पिसू न दिसणं म्हणजे पिसू नाही असंही नसतं. ज्या मांजरीला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते तिला थोडेच चावे पुरतात, एवढ्यानेही अंगभर खाज सुटते, मग ती चाटून चाटून त्या पिसवाच गिळून टाकते आणि तुमच्या हाताला पुरावा म्हणून काहीच लागत नाही. (गिळलेल्या पिसवेतून पोटात पट्टकृमी (चपटा जंत) जातो, म्हणून शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर तेही डॉक्टरांना नक्की सांगा.)

मग मी शनिवारी ठाणे-नेरूळ लोकल पकडून त्यांच्याकडे गेले, कारण असल्या गोष्टी फोनवर सापडत नाहीत. मनी लेकीच्या खोलीत होती. काकू दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "बघा, दिवसभर इथेच असते, तिच्याच पलंगावर, मला बघवत नाही." खोली लेक सोडून गेली तशीच ठेवलेली, टेबलावर तिचं जुनं घड्याळ, पलंगावर तीच चादर. मी विचारलं, मनी आधीपासून इथेच झोपायची का? तर हो, लहानपणापासून. म्हणजे तीही सवय नवीन नव्हती, काकूंना ती आता नव्याने दिसत होती एवढंच.

चहा झाला, मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, की जूनपासून आजपर्यंत या घरात काय काय आलं आणि काय काय गेलं, माणूस, प्राणी, सोफा, गादी, काहीही. काकू आठवत आठवत सांगत होत्या, गॅसची शेगडी बदलली, धान्य बदललं, मग एकदम थांबल्या. जुलैत पाऊस कोसळत होता त्या आठवड्यात बिल्डिंगच्या जिन्याखाली एक पिल्लू भिजून थरथरत होतं. लेक गेल्यापासून काकू संध्याकाळी खालच्या मांजरांना दूध-चपाती द्यायला जायच्या, तेव्हा ते त्यांना दिसलं. त्यांनी ते वर आणलं, मनीला त्रास नको म्हणून लेकीच्या खोलीत दार लावून जुन्या गोधडीवर ठेवलं, चार दिवसांनी सानपाड्याच्या एका मुलीने ते पाळायला नेलं. आणि गोधडी? ती पलंगाखालीच होती. "एवढ्याशा पिल्लाचं काय सांगायचं म्हणून बोलले नाही हो मी."

आम्ही दोघींनी गोधडी बाहेर काढली. शिवणीत काळे बारीक कण होते, मिरपूड सांडल्यासारखे. मी पांढरा टिश्यू पेपर ओला केला आणि त्यावर ते कण टिपले, मिनिटभरात प्रत्येक कणाभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला. माती असती तर असा डाग धरला नसता. हा पिसवांच्या विष्ठेचा कण असतो, म्हणजे पचलेलं रक्त. घरी करून बघण्यासारखी ही सगळ्यात सोपी परीक्षा आहे, उवा काढायची बारीक दातांची फणी घ्यायची, मांजरीच्या शेपटीच्या बुडाशी आणि मानेवर फिरवायची आणि जे निघेल ते ओल्या पांढऱ्या कागदावर झटकायचं. मनीच्या अंगावरून फणी फिरवून एकच कण निघाला. गोधडीत शेकडो होते.

मग तारखाही जुळल्या. पिसवेची मादी दिवसाला ४०-५० पर्यंत अंडी घालते, ती अंडी चिकटून राहत नाहीत, प्राणी जिथे झोपतो तिथे घरंगळतात, त्यातून अळी, मग कोष, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट उकाड्यात हे चक्र तीन-चार आठवड्यांत पूर्ण होऊ शकतं. जुलैतलं पिल्लू आणि ऑगस्टच्या मध्यावरची खाज. एका वेळी घरात जेवढ्या पिसवा असतात त्यातल्या साधारण ५ टक्केच प्राण्याच्या अंगावर असतात, बाकी सगळं अंडी, अळ्या, कोष या रूपात गादीत आणि फटीत, म्हणून फक्त मांजरीला औषध लावून भागत नाही.

आता काकूंनी तोवर काय काय करून बघितलं होतं तेही लिहिते, कारण हे घराघरात चालतं. खोबरेल तेल चोळलं, ते मनीने चाटलं आणि तिला जुलाब झाले. शेजारणीने तेलात कापूर घालायला सांगितलं होतं, नशीब की घातला नाही, कापूर मांजरीला विषारी आहे, टी ट्री ऑइल आणि डेटॉलसुद्धा. आणि जवळच्याच एका दुकानातून त्यांनी कुत्र्यांचे मानेवर सोडायचे थेंब आणून ठेवले होते, थोडेसेच लावू म्हणून. हात जोडून सांगते, हे करू नका. कुत्र्यांच्या अनेक थेंबांमध्ये परमेथ्रिन असतं, मांजरीच्या शरीराला ते पचत नाही, झटके येतात, जीव जातो. डबीवर मांजरीसाठी आहे असं लिहिलेलंच घ्यायचं, तेही डॉक्टरांना वजन दाखवून. शिवाय एका ठिकाणी मनीला एक इंजेक्शन मिळालं होतं, दोन आठवडे छान गेले आणि पुन्हा तेच सुरू झालं. खाज दाबली गेली, कारण तसंच गोधडीत राहिलं.

सोमवारी काकू मनीला त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, माझ्या सांगण्यावरून गोधडीची, पिल्लाची आणि इंजेक्शनची सगळी हकिगत कागदावर तारखांसकट लिहून. डॉक्टरांनी नायटा नाही ना ते तपासलं, त्वचा खरवडून बघितली, कान बघितले, मग मांजरीचे थेंब दिले दर महिन्याला लावायला आणि थोडे दिवस खाजेची गोळी. गोधडी फेकली, चादरी-अभ्रे गरम पाण्यात धुतले, गादीच्या शिवणी आणि पलंगाखालच्या फटी रोज व्हॅक्यूम केल्या आणि ती पिशवी लगेच बाहेर टाकली. तीन आठवड्यांनी काकूंचा घाबरलेला फोन आला, आज अंथरुणावर पिसू उडताना दिसली, औषध लागू पडलं नाही. तसं नव्हतं. कोषातल्या पिसवांपर्यंत औषध पोचत नाही, त्या आठवडे काय महिनेही आत थांबू शकतात आणि हालचाल, ऊब जाणवली की बाहेर येतात, म्हणून सलग तीन महिने तरी थेंब चुकवायचे नसतात.

सगळ्यांचं कारण पिसवाच असतं असं मात्र धरून चालू नका. खाज डोकं आणि मानेवर जास्त असेल तर खाण्याची ॲलर्जी किंवा कानातले माइट्स (डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक किडे) बघावे लागतात, कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ असेल तर बहुतेक माइट्सच. खाण्याची ॲलर्जी रक्ताच्या टेस्टवर नक्की कळत नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं एकच खाणं किमान आठ आठवडे द्यावं लागतं आणि त्यात आजीने प्रेमाने टाकलेला बोंबलाचा तुकडासुद्धा चालत नाही. गोल चट्टे, खपल्या, आणि घरातल्या मुलांच्या हातावर गोल लाल चकत्या उठल्या तर नायटा, तो माणसांना लागतो, लगेच जा. फक्त खालचं पोट चाटत असेल आणि लघवीला सारखी बसत असेल तर मूत्राशयाचं दुखणं असू शकतं, आणि बोका लघवीला बसून थेंबही येत नसेल तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी दवाखाना गाठा. म्हातारी मांजर भरपूर खाऊनही बारीक होत असेल तर थायरॉइड.

आणि टेन्शन? असतं, मी नाही म्हणत नाही, पण ते सगळ्यात शेवटी ठरवायचं. २००६ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यक संघटनेच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, मानसिक कारणानेच केस जातायत असं समजून पाठवलेल्या २१ मांजरी नीट तपासल्या, तर १६ जणींना शारीरिकच कारण निघालं, तिघींना दोन्ही, आणि निव्वळ मानसिक फक्त दोघींना. टेन्शनचा शिक्का आधी मारला की त्या १६ जणी खाजतच राहतात, हे मला फार लागतं.

एक गोष्ट मी काकूंना त्याच शनिवारी निघताना विचारली होती. मनी ठीक होईल, तुम्ही कशा आहात? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, संध्याकाळी सात वाजता लेक ऑफिसातून यायची ना, त्या वेळी अजून कान दाराकडे असतात. आम्ही त्यावर पुढे तीनदा बोललो, मनीचं नाव न काढता. लेकीची चादर धुवायला टाकताना त्या खूप रडल्या होत्या, तेही त्यांनी तेव्हाच सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये मनीच्या पोटावर मऊ लव आली, दिवाळीपर्यंत शेपटीजवळही. दिवाळीत लेक आली तेव्हा मनी पहिला दिवस पलंगाखालून बाहेरच आली नाही, दुसऱ्या दिवशी आली आणि तिच्या मांडीवर झोपली. कालनिर्णयवर दर महिन्याच्या १० तारखेला काकूंनी थेंबांची खूण केलीये. गेल्या आठवड्यात फोन आला तो वेगळ्याच कामासाठी, जिन्याखाली पुन्हा तीन पिल्लं आहेत, त्यांना हे थेंब चालतील का? मी म्हटलं, वय आणि वजन कळल्याशिवाय नाही, उद्याच डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर त्यांचं अंथरूण खालीच असू द्या.