हलक्या पायदळासाठी फिरती उखळी तोफ: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पायदळाच्या हत्यारांवरील मागील लेखात वाहनावर बसवलेल्या उखळी तोफेचा, म्हणजे मॉर्टरचा, केवळ ओझरता उल्लेख आला होता. त्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून इतके नेमके प्रश्न आले की हे संपूर्ण सदर त्यांनाच देणे योग्य वाटले. रणगाडे आणि चिलखती गाड्यांच्या आधाराशिवाय पायी, खेचरांसह, हलक्या गाड्यांतून किंवा हेलिकॉप्टरने पुढे जाणारे दल, असा हलक्या पायदळाचा अर्थ येथे धरला आहे. मॉर्टरपुढे येणारा मिलिमीटरचा (मिमी) आकडा तिच्या नळीच्या आतील व्यासाचा असतो, आणि प्लाटून, कंपनी, बटालियन व ब्रिगेड ही लहानाकडून मोठीकडे जाणाऱ्या तुकड्यांची नावे आहेत.

आमच्या काळी बटालियनकडे 81 मिमी मॉर्टर असे. आता जगभर 120 मिमीच्या गाड्या दिसतात. गाडीच द्यायची असेल तर मोठीच तोफ का देऊ नये? (निवृत्त हवालदार, बार्शी)

मोठ्या तोफेचे आकर्षण निराधार नाही. 120 मिमीचा बॉम्ब साधारण 13 किलोचा, म्हणजे 81 मिमीच्या सव्वाचार किलोच्या बॉम्बच्या तिप्पट असतो, आणि ओंडके व माती रचून केलेल्या बंकरच्या छतावर त्याचा जो परिणाम होतो तो लहान बॉम्बने होत नाही. पल्लाही अधिक मिळतो. ब्रिटिश एल-16 या 81 मिमी मॉर्टरचा पल्ला सुमारे साडेपाच किलोमीटर आहे, तर अमेरिकी एम-120 चा सात किलोमीटरच्या थोडा पुढे जातो.

तरीही मॉर्टर निवडताना मी आधी बॉम्बचा हिशेब मांडतो आणि मग नळीकडे वळतो. चार मॉर्टरांच्या 81 मिमी प्लाटूनने मिनिटाला प्रत्येकी 15 बॉम्ब टाकले, तर मिनिटाला सुमारे अडीचशे किलो दारूगोळा संपतो. 120 मिमीच्या चार नळ्यांनी पहिल्या मिनिटात प्रत्येकी 16 बॉम्ब टाकले, तर आठशे किलोंहून अधिक दारूगोळा एका मिनिटात जातो, आणि यात पेट्या व वेष्टनांचे वजन धरलेलेच नाही. एक टन भार पेलणाऱ्या हलक्या गाडीत चार जवान, त्यांची हत्यारे, पाणी आणि रेडिओ चढले की जवळजवळ निम्मा भार संपतो, आणि उरलेल्यातून तोफेची बैठक वजा केल्यावर 120 मिमीच्या बॉम्बांना जागा किती उरेल याचा अंदाज आपणासारख्या अनुभवी माणसाला सहज येईल. मग मागे दुसरी गाडी लागते, तिच्यासाठी चालक, इंधन आणि रस्ता लागतो, आणि जे दल हलके म्हणून उभे केले ते हळूहळू जड होत जाते.

दुसरा मुद्दा गाडी जिथे थांबते तिथला. एल-16 चे एकूण वजन सुमारे 35 किलो असून नळी, दुपायी आणि बेसप्लेट (नळीखाली जमिनीवर टेकणारी जाड तबकडी) असे तीन भाग तीन जवान पाठीवर घेऊन चढ चढू शकतात. एम-120 चे वजन 145 किलोच्या आसपास आहे, आणि ते घेऊन कोणी डोंगर चढणार नाही. अमेरिकी हलक्या पायदळाच्या बटालियनमध्ये यावर शहाणा तोडगा काढलेला आहे: मॉर्टर प्लाटूनकडे चार 120 मिमी आणि चार 81 मिमी अशी दोन्ही हत्यारे असतात, परंतु माणसे एका वेळी चारच तोफा चालवतील एवढी असतात, आणि कामगिरी पाहून कोणता संच न्यायचा हे ठरते.

माझे स्पष्ट मत असे की बटालियनच्या हलक्या गाडीवर 81 मिमी असावी आणि ती काही मिनिटांत उतरवून जमिनीवर मांडता यावी. कंपनीसोबत 60 मिमी किंवा त्याहून लहान मॉर्टर पाठीवरच राहावी. 120 मिमी ब्रिगेडच्या किंवा तोफखान्याच्या हाती शोभते. आपल्याकडेही ती तोफखान्याच्या लाइट रेजिमेंटांकडे असते, आणि 1999 च्या कारगिल युद्धात कड्यामागे दडलेल्या ठाण्यांवर वरून बॉम्ब उतरवण्यासाठी तिचा मोठा उपयोग झाला.

मॉर्टर जीपच्या मागच्या भागात घट्ट बोल्टने बसवली आणि तिथूनच डागली, तर काय बिघडते? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सोलापूर)

81 मिमीच्या बाबतीत, मजबूत बैठक दिली तर फार बिघडत नाही. 120 मिमीच्या बाबतीत मात्र गाडीची चौकटच मोडेल, आणि आपण अभियांत्रिकी शिकत असल्याने हे आकड्यांत पाहणे बरे. तेरा किलोचा बॉम्ब सेकंदाला तीनशे मीटरच्या वेगाने नळीबाहेर पडतो, आणि हा सगळा वेग त्याला सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात मिळतो. म्हणजे तेवढ्या क्षणापुरता बैठकीवर तीस-चाळीस टनांचा दाब येतो. जमिनीवर मांडलेल्या मॉर्टरला मागे सरकणारी यंत्रणा नसते, त्यामुळे हा धक्का बेसप्लेटमधून थेट मातीत जातो, आणि मॉर्टर तोफेपेक्षा इतकी हलकी असण्याचे रहस्य तेच आहे. धक्का सोसण्याचे काम पृथ्वीकडून काढून गाडीकडे दिले की त्याची किंमत वजनात, यंत्रणेत किंवा वेळेत चुकवावीच लागते.

यावर आज तीन उपाय प्रचलित आहेत. पहिल्यात नळी धक्का शोषणाऱ्या फिरत्या बैठकीवर बसवतात. इस्रायलची कार्डम ही त्या घराण्यातील प्रसिद्ध प्रणाली, आणि तिच्यानंतरच्या स्पिअर या प्रणालीत धक्का दहा टनांच्या खाली आणल्याचे उत्पादक सांगतात, ज्यामुळे हम्वी या अमेरिकी लष्करी गाडीसारख्या हलक्या गाडीवर 120 मिमी बसू शकते. दुसऱ्या उपायात यांत्रिक हात गाडीच्या मागून नळी आणि बेसप्लेट जमिनीवर टेकवतो, बॉम्ब टाकून झाले की उचलून पुन्हा गाडीत घेतो. स्पेनची अलाक्रान या पद्धतीची आहे. तिसरा उपाय बंद बुरुजाचा. फिनलंडची नेमो आणि पोलंडची राक यांत जवान चिलखताच्या आत बसूनच तोफ चालवतात. यंत्र म्हणून या दोन्ही उत्तम आहेत, पण त्यांना मोठी चिलखती गाडी लागते, म्हणून हलक्या पायदळाच्या यादीतून त्या मी पहिल्याच फेरीत वगळेन.

पहिल्या दोन उपायांतील निवड जमिनीवर अवलंबून असते, आणि हे समजण्यासाठी आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर बेसप्लेट ठेवली, तर चार-सहा बॉम्बांत ती खचू लागेल, नळीचा कोन बदलेल, प्रत्येक वेळी नेम नव्याने साधावा लागेल आणि निघताना प्लेट खोदून काढावी लागेल. उन्हाळ्यात त्याच रानाला भेगा पडतात. खडकाळ माळरानावर याच्या उलट घडते: प्लेट रुतत नाही, उसळते आणि सरकते. जमिनीवर टेकणारी प्रणाली या सर्व दोषांसह येते; गाडीवरूनच डागणारी प्रणाली त्यातून बऱ्याच अंशी सुटते, मात्र तिची बैठक जड आणि महाग असते आणि गाडीच्या स्प्रिंगा व अॅक्सल यांच्यावर ताण येतो. ज्या दलाला ओल्या काळ्या मातीत, भाताच्या खाचरांत किंवा वाळूत लढायचे आहे, त्याने धक्का शोषणारी बैठकच घ्यावी असे मला वाटते.

मॉर्टर डागल्यावर जागा सोडायला किती वेळ मिळतो? ड्रोनमुळे गाडीवरील मॉर्टर निरुपयोगी झाली का? (शिक्षक, मंगळवेढा)

मॉर्टरचा बॉम्ब उंच कमानीने जातो आणि लांब पल्ल्यावर अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ हवेत राहतो. शत्रूच्या शोधक रडारला त्याचा मार्ग मोजून उगम काढण्यासाठी हा वेळ पुरेसा असतो. आपल्याकडचे स्वाती हे रडार याच कामासाठी आहे, आणि 81 मिमीचे बॉम्बही ते टिपू शकते. प्रतिपक्षाकडेही तशी साधने आहेत असे धरूनच चालावे. म्हणून पहिला बॉम्ब पडल्यापासून काही मिनिटांतच उत्तर येईल अशी तयारी ठेवावी लागते. जमिनीत रुतलेली 120 मिमी काढून, बांधून निघण्यात तेवढी मिनिटे सहज जातात, तर गाडीवरील तोफ मिनिटा-दोन मिनिटांत हलते. फिरत्या मॉर्टरच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा हाच आहे.

ड्रोनने हा हिशेब गुंतागुंतीचा केला आहे. युक्रेनच्या युद्धात दिसले की स्फोटके वाहणारे छोटे ड्रोन दहा किलोमीटर आणि त्याहून पुढे पोहोचतात, म्हणजे मॉर्टरचा सगळा पल्ला त्यांच्या टापूत येतो. गाडीचे तापलेले इंजिन, चाकोऱ्या आणि धूळ वरून दिसतात, आणि पळणारी गाडी ड्रोनपासून सुटेलच असे नाही. उलट झाडीत नीट लपवलेली, छताखाली मांडलेली 60 किंवा 82 मिमीची मॉर्टर अनेकदा अधिक काळ टिकली. यावरून गाडी सोडून द्यावी असा निष्कर्ष मी काढत नाही. गाडी तोफेला, माणसांना आणि बॉम्बांना जागेपर्यंत आणते, आणि परिस्थिती पाहून तोफ गाडीवरून किंवा उतरवून डागता आली पाहिजे. म्हणून ज्या प्रणालीत नळी काढून साध्या बेसप्लेटवर लावता येत नाही, ती कितीही चपळ असली तरी हलक्या पायदळासाठी अपुरी आहे.

आपल्या सैन्याची दिशाही पाहण्यासारखी आहे. 2025 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ऐरावत ही वाहनावरील पायदळ मॉर्टर दिसली, आणि त्याच वर्षी 26 जुलै रोजी द्रास येथे लष्करप्रमुखांनी भैरव या हलक्या बटालियनांची आणि पायदळ बटालियनांना ड्रोन प्लाटून देण्याची घोषणा केली. मॉर्टर आणि ड्रोन एकाच बटालियनमध्ये आले, की निरीक्षकाला शिखर चढावे न लागता पहिला बॉम्ब कुठे पडला हे पाहून दुसरा दुरुस्त करता येतो. माझ्या मते यामुळे मॉर्टरचे मोल वाढले आहे.

दिशा बदलणारे मार्गदर्शित बॉम्ब आले आहेत, तर मग इतका दारूगोळा वाहण्याची गरज उरेल का? (एनडीए परीक्षेची तयारी करणारी विद्यार्थिनी, अक्कलकोट)

गरज कमी होईल, संपणार नाही. अमेरिकी सैन्याने 2011 पासून अफगाणिस्तानात उपग्रहाच्या मदतीने लक्ष्याच्या दहा मीटरच्या आत पडणारे 120 मिमीचे बॉम्ब वापरले, आणि एका घरातील शत्रूसाठी शेजारचे घर वाचवायचे असते तेव्हा त्यांना पर्याय नाही. परंतु त्यांची किंमत साध्या बॉम्बच्या कित्येक पट असते, उपग्रहाचे संकेत शत्रू अडवू शकतो, आणि धुराचा पडदा उभा करणे, रात्री प्रकाश पाडणे किंवा शत्रूला डोके वर काढू न देणे ही मॉर्टरची रोजची कामे साध्या बॉम्बांनीच होतात.

हे सर्व आपल्याकडे तयार होते का? (व्यापारी, मोहोळ)

होते. 1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या. त्यांपैकी दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया आपल्या पुण्यात आहे, तर हत्यारांची कंपनी कानपूरला आहे. परदेशी प्रणाली पाहताना ती आपल्या कारखान्यांतील बॉम्ब आणि त्यांची पल्ला-कोष्टके (किती अंतरासाठी नळीचा कोन किती ठेवायचा याचे तक्ते) स्वीकारते का, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा.

मुलगा मॉर्टर प्लाटूनमध्ये आहे. सरावातील अपघातांच्या बातम्या वाचून काळजी वाटते. नव्या प्रणाली अधिक सुरक्षित आहेत का? (एक माता, पंढरपूर)

आपली काळजी रास्त आहे, आणि तिचे उत्तर खरेदी करणाऱ्यांनीही वाचावे. तोंडाकडून भरल्या जाणाऱ्या मॉर्टरमधील एक मोठा धोका असा की आधीचा बॉम्ब नळीतच राहिलेला असताना दुसरा टाकला जातो. मार्च 2013 मध्ये अमेरिकेतील नेवाडा राज्यात हॉथॉर्न येथे 60 मिमी मॉर्टरच्या रात्रीच्या सरावात अमेरिकी मरीन दलाचे सात जवान मृत्युमुखी पडले, आणि चौकशीत दुहेरी भरणाच निघाला. हा धोका अंधारात, गोंगाटात आणि थकलेल्या माणसांत वाढतो. नळीच्या तोंडाशी दुसरा बॉम्ब अडवणारी खीळ बसवता येते, आणि 120 मिमीच्या अनेक मॉर्टरांवर ती असते. ही खीळ नसलेली मॉर्टर मी विचारातच घेणार नाही. त्याबरोबरच ठराविक क्रमाने आज्ञा देण्याची आणि प्रत्येक बॉम्ब निघाल्याची मोठ्याने खात्री करण्याची सवय प्लाटूनला असावी लागते, आणि आपल्या सैन्यात ती कसून लावली जाते.

निवडीच्या चाचणीत आपण काय पाहाल? (स्पर्धा परीक्षेचा अभ्यासक, करमाळा)

उत्पादक दाखवतो ती सपाट, कोरड्या मैदानावरील चाचणी मी केवळ ओळखीपुरती धरेन. खरी चाचणी पावसाळ्यात, भरलेल्या दारूगोळ्यानिशी, दिवसभर प्रवास करून आलेल्या जवानांकडून आणि रात्री व्हावी. गाडी थांबल्यापासून पहिला बॉम्ब निघेपर्यंतचा वेळ मोजावा, आणि शेवटचा बॉम्ब निघाल्यापासून चाके फिरेपर्यंतचा वेळ त्याहून काटेकोरपणे मोजावा. संगणक बंद करून त्याच जवानांना कागदी कोष्टक आणि होकायंत्रावर नेम साधायला सांगावे. पर्वतात वापर असेल तर चार-पाच हजार मीटर उंचीवर डागून पाहावे, कारण तेथील विरळ हवेत बॉम्ब अधिक दूर जातो, आणि खालच्या उंचीसाठीचे आकडे तेथे जसेच्या तसे चालत नाहीत. त्यानंतर गाडी नादुरुस्त झाली असे जाहीर करून नळी उतरवायला लावावी आणि पुढचे दोन किलोमीटर तोफ व वीस बॉम्ब पाठीवर न्यायला सांगावे. हा टप्पा पार न करणारी प्रणाली यांत्रिक दलाकडे पाठवावी.