कर्ज फिटत नाही, म्हणून तुरुंग होतो का?

"मॅडम, मला आत टाकतील का?" माझ्याकडे सल्ल्याला येणारी, कर्जात बुडालेली माणसं बहुतेक वेळा खुर्चीवर बसायच्या आधीच हे विचारतात. इचलकरंजीचे एक खर्चीवाले यंत्रमागधारक पत्नीला घेऊन आले (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत), तेव्हाही तेच झालं. व्यापाऱ्याचं सूत विणून पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या हिशेबाने, मजुरी घ्यायची, हा त्यांचा धंदा. मजुरी पडली, वीजबिल वाढलं, पतसंस्थेचे हप्ते थकले. ते भरायला सोनेतारण, मग मोबाइलवरचं ॲप, शेवटी सावकार. सोबतच्या पिशवीतली काही पाकिटं तर फोडलेलीच नव्हती.

"मी नसलो तर हिच्यामागचा ससेमिरा तरी सुटेल," असं ते बोलून गेले. अशा वेळी मी कागद बाजूला सारते आणि सरळ विचारते, जीव द्यायचा विचार येतो का? त्यांनी मान हलवली. पत्नीला हे पहिल्यांदाच कळत होतं. मग हिशेब राहिला. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दोघांच्या फोनमध्ये घातला, मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली आणि त्यांना एकटं ठेवायचं नाही, असं ठरवलं.

तुरुंगाचं उत्तर मात्र लगेच दिलं. ऐपत नसल्यामुळे कर्ज न फेडता येणं हा गुन्हा नाही. कर्ज फेडा असा न्यायालयाचा हुकूमनामा झाल्यावर दिवाणी कैद होऊ शकते, पण ऐपत असून टाळाटाळ केली किंवा मालमत्ता दडवली, असं काही दिसावं लागतं. नुसत्या गरिबीपायी कैद नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केलं. चेक न वटणं वेगळं, ते फौजदारीत जातं. सावकाराला कोरे चेक दिले होते. म्हणून बजावलं, चेकची नोटीस हातात पडली की पैसे भरायला १५ दिवसच मिळतात. यापुढे एकही पाकीट बंद राहता कामा नये.

पुढच्या भेटीत पत्नीने वहीत यादी केली. कोणाचं, किती, तारण काय, जामीन कोण. देणं १९ लाखांच्या घरात. माग, उरलंसुरलं सोनं, सगळं विकलं तरी सात लाखांच्या पुढे आकडा जाईना. व्यापाऱ्याकडे मजुरी अडकली म्हणून हप्ता चुकणं ही तात्पुरती चणचण असते. सगळं विकूनही देणं उरतं, तेव्हा त्याला नादारी म्हणायचं. हे कबूल न करता "सीझन आला की फिटेल" म्हणत नवं कर्ज काढत राहणं, यात सर्वांत जास्त घरं बुडताना मी पाहते.

महाराष्ट्रात मुंबईबाहेरच्या सामान्य कर्जदाराला आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागू आहे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग सध्या फक्त कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्यांपुरता आहे. जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, नादार ठरलं की मालमत्ता न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, आणि वागणूक प्रामाणिक दिसली तर न्यायालय उरलेल्या देण्यातून मुक्त करू शकतं. कारागिराची अवजारं, घरातली भांडीकुंडी, अंथरूण यांना जप्तीपासून संरक्षण आहे. सरकारी देणी, फसवणुकीने घेतलेलं कर्ज सुटत नाही. जामीनदारही सुटत नाही.

इथे ते थांबले. पतसंस्थेला जामीन त्यांचा मेहुणा होता. "त्याच्या दारात वसुली अधिकारी उभा राहिला तर मी तोंड कसं दाखवू?" एवढंच म्हणाले. तुरुंगापेक्षा ही भीती मोठी होती आणि मला ती रास्त वाटली. जामीनदाराला सगळ्यात आधी सांगावं, असं माझं ठाम मत आहे. मेहुणा आला तो चिडूनच. सहकार कायद्यातल्या कलम १०१ च्या वसुलीची नोटीस त्याला आधीच मिळाली होती. "दाजी, पैशाचं सोडा, मला परक्याकडनं का कळावं?" खूप वेळ तोच बोलत होता. मग वही त्यानेच पुढे ओढली.

आता दोघं मिळून पतसंस्थेशी एकरकमी तडजोडीचं बोलत आहेत. बिनपरवाना सावकाराविरुद्ध २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार गेली आहे. ॲपच्या वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम पत्नी आता त्यांना ठणकावून सांगते. नादारीचा अर्ज वकिलांकडे तयार आहे. पतसंस्थेचा निर्णय आल्यावर तो दाखल करायचा की नाही, हे तिघं मिळून ठरवतील.