पन्हाळा ते पावनखिंड : बायकांचा गट घेऊन निघणाऱ्या लेकीस

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

पावसाळ्यात वीसेक बायकांना घेऊन पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत पायी जाण्याचा तुझा बेत पत्रातून कळला. वाट, मुक्काम, इतिहास हे सगळे तू नीट टिपले आहेस. मात्र त्या टिपणात पाणी आणि आडोसा यांचा उल्लेख कुठेच नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहिते.

वाटेत आडोसा मिळेल की नाही या धास्तीने आपल्या बायका सकाळपासूनच पाणी पिणे टाळतात आणि तसे कोणाला सांगतही नाहीत. पावसात तहान लागत नाही, पण रेनकोटच्या आत घामाच्या धारा लागलेल्या असतात. मग दुपारच्या चढावर एखादीच्या पोटरीत गोळा येतो, एखादीचे डोके भणभणते, आणि बाकीच्या म्हणतात की हिला चालायची सवय नाही. म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांना बसवून, कुठे कुठे थांबणार आहोत हे स्पष्ट शब्दांत सांग. मसाई पठार मैलोन्‌मैल उघडे आहे आणि तिथे झुडूपही शोधावे लागते, त्यामुळे पहिला थांबा पठारावर चढण्यापूर्वीच घे. पिशवीत एक जुनी गडद साडी ठेव. दोघींनी धरली की आडोसा होतो. एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेली बाटली तुझ्याजवळ तयार असू दे.

मुक्काम ठरवताना देवळापेक्षा एखादे घर किंवा शाळेची खोली बघ. एखादीची पाळी आली तर देवळात ती अवघडून बसेल, किंवा यजमानांनाच अवघड वाटेल, आणि हा वाद रात्री आठ वाजता भिजल्या कपड्यांनी कोणालाच नको असतो. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून परत आणायचे. ज्यांच्या घरी उतरलो त्यांच्या परड्यात किंवा चुलीत ते जाता कामा नयेत.

ही वाट बहुतेक लोक दोन दिवसांत उरकतात. तुझ्या गटासाठी तीन दिवस धर : पहिली रात्र खोतवाडीच्या आसपास, दुसरी करपेवाडी ओलांडून. जुलैमध्ये पावनखिंडीच्या लढाईच्या स्मृतिदिनाच्या सुमारास मोहिमांची एवढी गर्दी असते की गावांत अंग टाकायला जागा मिळत नाही आणि चिखल तुडवून तुडवून लोण्यासारखा झालेला असतो, तेव्हा ते दिवस टाळलेले बरे.

चालण्याचा वेग शेवटच्या बाईवर ठरव. पुढच्या बायका टेकडीवर थांबतात, गप्पा मारतात, खाऊन घेतात, आणि मागची धापा टाकत पोहोचली की "चला, आली एकदाची" म्हणून उठतात. म्हणजे जिला विश्रांतीची खरी गरज, तिलाच ती दिवसभर मिळत नाही. ती आल्यावर निदान पाच मिनिटे कोणी उठायचे नाही, हा नियम पहिल्याच थांब्यावर लाव, आणि तिच्या मागे तुझी एक भरवशाची मैत्रीण कायम असू दे. पठारावर धुके उतरले की दहा पावलांवरचे माणूस दिसत नाही आणि शेवाळलेल्या जांभ्यावरून पाय सटकतो. तिथे दोन-दोनच्या जोड्या करून चालवणे उत्तम.

जळवांची भीती आधीच घालव. लागलेली जळू ओरबाडून काढू नये. तिच्या तोंडाशी नख आडवे सरकवले की ती सुटते. नंतर रक्त बराच वेळ वाहते, कारण ते गोठू नये असा पदार्थ ती सोडते, म्हणून घाबरून न जाता स्वच्छ कापडाने दाबून धरावे.

लावणीच्या दिवसांत भाताच्या बांधांवरून एका ओळीत चाला. बांध ढासळला तर वाफ्यातले पाणी निघून जाते, आणि इरले घेऊन वाकलेली बाई तुम्हाला काही बोलली तर तिचे चुकलेले नसते.

इतिहास चढावर सांगू नकोस. धाप लागलेल्या माणसाच्या कानात काही शिरत नाही. १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू आणि बांदलांनी पाठलाग कसा रोखून धरला ते खिंडीत सगळ्या बसल्यावर सांग, तेही थोडक्यात. आणि परतीची गाडी पांढरपाण्याला दुपारीच येऊन उभी राहील असे ठरव, चालकाला वेळ दोनदा सांग. डोंगरात मोबाईलची रेंज मिळेलच असे नाही.

तुझी,
मावशी
कोल्हापूर