विनाशिका : नेमकी कशाची?

प्रश्न असा आला आहे : पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या लढाईवरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. मूळ लेखात ब्रिटिशांच्या छोट्या, चपळ लढाऊ जहाजांना 'डिस्ट्रॉयर' म्हटलंय आणि जर्मनांच्या तसल्याच जहाजांना 'टॉर्पेडो बोट'. आकारही जवळपास तेवढाच, वेगही तेवढाच. मग दोन्हींना सरसकट 'विनाशिका' म्हणावं का? शिवाय, जी नौका बहुतेक वेळ दुसऱ्या जहाजांची राखण करत फिरते तिला विनाशिका हे नाव पडलंच कसं?

दुसरा प्रश्न आधी घेतो. तो सुटला की पहिल्याचं उत्तर सापडतं.

'विनाशिका' हा शब्द 'डिस्ट्रॉयर'वरून बेतलेला आहे, आणि 'डिस्ट्रॉयर' हे नाव मुळात अर्धंच आहे. पूर्ण नाव होतं 'टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर', म्हणजे टॉर्पेडो बोटींचा नाश करणारी नौका. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमारात 'टी.बी.डी.' ही आद्याक्षरं सर्रास वापरात होती. पुढे बोलताना पहिले दोन शब्द गळाले. क्रियापदाचं कर्म गेलं आणि नुसता कर्ता राहिला. उंदीर मारायच्या औषधातून उंदीर वगळून त्याला 'मारायचं औषध' म्हणावं तसं. मराठीत शब्द आला तो हे कर्म गळाल्यावरच. त्यामुळे आपल्याला ही बाई दिसेल त्याचा विनाश करत सुटली आहे असं वाटतं.

आता हे कर्म कुठून आलं ते. १८६६ साली रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज इंजिनियरने फ्यूम बंदरात (आताच्या क्रोएशियातलं रियेका) स्वतःच्या बळावर पाण्याखालून धावणारा आणि जहाजाला भिडून फुटणारा टॉर्पेडो तयार केला. त्याला आपल्याकडे 'पाणतीर' असा सुरेख शब्द आहे, पण बोलण्यात टॉर्पेडोच रुळलाय, म्हणून मीही तोच वापरतो. हा टॉर्पेडो वाहून नेणाऱ्या छोट्या, स्वस्त, वेगवान बोटी पुढच्या वीस वर्षांत बहुतेक आरमारांनी बांधल्या. फ्रान्समध्ये तर एका गटाचं म्हणणंच होतं की जाड चिलखताच्या, मोठ्या तोफांच्या अवाढव्य बॅटलशिपा हव्यात कशाला, रात्री अशा बोटींची टोळी सोडली की काम भागतं. ब्रिटिशांकडे नेमक्या बॅटलशिपाच ढीगभर होत्या, त्यामुळे काळजीही त्यांनाच जास्त. १८९२ मध्ये जहाजबांधणीचं खातं सांभाळणाऱ्या ॲडमिरल फिशरने यारो, थॉर्निक्रॉफ्ट अशा वेगवान बोटी बांधणाऱ्या कंपन्यांना या बोटींना गाठून बुडवील अशी नौका करायला सांगितलं. त्यातून १८९३ मध्ये 'हॅवक' पाण्यात उतरली. लांबी १८० फूट, म्हणजे ५५ मीटर. रुंदी त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी. वजन २४० टनांच्या आसपास. वेग २६ नॉट, म्हणजे ताशी ४८ किलोमीटर. टॉर्पेडो बोटींना फोडायला छोट्या तोफा, आणि सोबत स्वतःचेही टॉर्पेडो. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

स्पॅनिश लोक इथे हात वर करतील, आणि त्यांचं म्हणणं अगदीच फेटाळण्यासारखं नाही. फर्नांदो व्हियामिल या त्यांच्या अधिकाऱ्याने आखलेली आणि स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीवर बांधलेली 'देस्त्रुक्तोर' १८८७ सालीच त्यांच्या आरमारात दाखल झाली होती. 'देस्त्रुक्तोर' म्हणजे विनाशकच. स्पॅनिशमध्ये तोच शब्द पुढे या जातीच्या सगळ्या नौकांना लागला.

इतर काही भाषांनी मात्र कर्म जपून ठेवलं. इटालियनमध्ये 'काच्चातोर्पेदिनिएरे', म्हणजे टॉर्पेडो बोटींची शिकार करणारी. फ्रेंचांनी टॉर्पेडो बोटीच्या नावाला 'विरोधी' अशा अर्थाचं 'काँत्र' जोडलं. जपानी 'कुचिकुकान' म्हणजे पिटाळून लावणारं जहाज; यात नाश नाहीच, नुसतं हुसकावणं आहे, आणि खरं काम बघितलं तर हाच शब्द मला सगळ्यांत नेमका वाटतो. रशियनांनी उलटा विचार केला. टॉर्पेडो वाहून नेणाऱ्या बोटीचं जे नाव होतं त्यालाच 'ताफ्याबरोबर चालणारी' असं विशेषण लावलं. म्हणजे त्यांच्या लेखी ही टॉर्पेडो बोटच, फक्त मोठी झालेली. जर्मनांचाही हिशेब तोच, पण त्यांच्याकडे पुन्हा येऊ.

सुरुवातीच्या या नौका दिसायला देखण्या, राहायला भयंकर. पुढचा डेक कासवाच्या पाठीसारखा गोलसर ठेवायचे, लाट अंगावरून घसरून जावी म्हणून. व्हायचं भलतंच. नाळ (जहाजाचं पुढचं टोक) लाटेत घुसायची आणि डेकवर उभा माणूस नखशिखांत भिजायचा. 'हॅवक'नंतरच्या नौकांचा कागदावरचा ३० नॉटांचा वेग शांत पाण्यात, सामान कमी भरून, निवडक आगवाल्यांच्या जोरावर मिळवलेला. ('आगवाले' म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा ओढणारे, आगबोटींवर नोकरी केलेल्या कोकणी घरांत हा शब्द नवा नाही.) या नौकांवरच्या लोकांना पगारावर 'हार्ड-लाइंग मनी' म्हणून हालअपेष्टांचा वेगळा भत्ता मिळे, यावरून काय ते समजा. पत्रा इतका पातळ की १९०१ च्या सप्टेंबरमध्ये 'कोब्रा' ही नवीकोरी टर्बाइनची नौका पहिल्याच सफरीत उत्तर समुद्रात मधोमध मोडून बुडाली, साठांवर माणसं गेली. तिची जोडीदार 'व्हायपर' त्याच्या आदल्याच महिन्यात खडकावर आपटून फुटली होती. दोन्हींना सापांची नावं, त्यामुळे खलाशांत काय कुजबूज झाली असेल त्याची कल्पना करता येते.

१९०३ पासूनच्या 'रिव्हर' वर्गाच्या नौकांत कासवाची पाठ गेली. जर्मन बोटींसारखा पुढचा भाग उंच उचलला, आणि वेग पंचवीस-साडेपंचवीस नॉटांवर आणला. कागदावर ही पिछेहाट. खवळलेल्या समुद्रात मात्र याच नौका जुन्या तीसवाल्यांना मागे टाकत. त्यानंतरच्या 'ट्रायबल' वर्गात कोळसा जाऊन तेल आलं, आणि विनाशिका खऱ्या अर्थाने ताफ्याबरोबर दूरवर जाऊ लागली.

दरम्यान एक गंमत झाली होती. १९०४ च्या ८ फेब्रुवारीच्या रात्री चीनमधल्या पोर्ट आर्थर बंदराबाहेर नांगरलेल्या रशियन ताफ्यावर टॉर्पेडोंचा हल्ला झाला. 'त्सेसारेविच' आणि 'रेतविझान' या दोन बॅटलशिपा आणि 'पल्लादा' ही क्रूझर (बॅटलशिपपेक्षा लहान लढाऊ जहाज) जायबंदी झाल्या. हल्ला कुणी केला? जपानी विनाशिकांनी. ज्या हल्ल्यापासून वाचवण्यासाठी ही जात जन्माला आली, तो हल्ला आता तीच करत होती. बरोबर घेतलेले ते टॉर्पेडो इथे कामी आले. त्यानंतर टॉर्पेडो बोट आणि तिची विनाशिका यांत रेघ ओढणं अवघड होऊन बसलं.

आता जटलंड. ३१ मे १९१६ ला जर्मनांकडे या आकाराच्या ६१ नौका होत्या आणि त्या सगळ्या त्यांच्या लेखी 'टॉर्पेडो बोटी'. नावंही नाहीत, नुसतं अक्षर आणि आकडा. त्यातलं अक्षर बांधणाऱ्या गोदीचं : 'व्ही' म्हणजे व्हुल्कान, 'एस' म्हणजे शिखाऊ, 'जी' म्हणजे गेर्मानियावेर्फ्ट. ब्रिटिशांकडे ७८ डिस्ट्रॉयर, प्रत्येकीला स्वतंत्र नाव. फरक नुसता नावात नव्हता. त्या काळच्या ठरावीक जर्मन बोटीवर ८८ मिलिमीटरच्या हलक्या तोफा आणि टॉर्पेडोच्या सहा नळ्या. ब्रिटिश 'एम' वर्गावर चार इंची तीन तोफा आणि नळ्या चारच. एकीचा भर टॉर्पेडोवर, दुसरीचा टॉर्पेडोवालीला फोडण्यावर. दुपारी दोन्हीकडच्या नौका एकाच वेळी हल्ल्याला सुटल्या आणि मोठ्या जहाजांच्या दोन रांगांच्या मधल्या पाण्यात एकमेकींना भिडल्या. 'नेस्टर' आणि 'नोमॅड' इकडच्या बुडाल्या, 'व्ही २७' आणि 'व्ही २९' तिकडच्या. रात्री तर 'स्पिटफायर' ही हजारेक टनांची विनाशिका १९ हजार टनांच्या 'नासाऊ' या बॅटलशिपवर समोरासमोर आदळली. नासाऊच्या मोठ्या तोफांचे गोळे वरून गेले, पण नुसत्या धमाक्याने विनाशिकेचा ब्रिज, म्हणजे जिथून जहाज चालवतात तो उंच भाग, उद्ध्वस्त झाला. ती सुटली तेव्हा नासाऊच्या कडेचा वीसेक फूट पत्रा तिच्या डेकवर अडकलेला होता. तो घेऊन ती इंग्लंडला पोचली.

म्हणून पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर : सरसकट नको. ब्रिटिश नौकांना विनाशिका म्हणा, जर्मनांना टॉर्पेडो बोटच राहू द्या. पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे 'टॉर्पेडो बोटींची विनाशिका' असं एकदा पूर्ण लिहा, पुढे नुसतं 'विनाशिका' चालेल. मग राखणीचाही उलगडा होतो. मोठ्या जहाजांभोवती कडं करून टॉर्पेडोवाल्यांना दूर ठेवणं हेच तिचं मूळ काम. टॉर्पेडो घेऊन येणारी बोट पाण्याखाली गेली, म्हणजे पाणबुडी झाली, तेव्हा १९१७ मध्ये व्यापारी जहाजांच्या काफिल्यांभोवती तेच कडं याच नौकांनी केलं, फक्त तोफांच्या जोडीला डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, आले. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेची पहिली लढाऊ मदत आयर्लंडच्या क्वीन्सटाउनला पोचली, तीही सहा विनाशिकांच्या रूपात.

व्याकरणाचंही कुणी विचारेल. 'विनाशिका' ही 'लेखक-लेखिका'च्या चालीची, 'नाटक-नाटिका'च्या नव्हे. 'इका' लागलंय ते नौका स्त्रीलिंगी म्हणून, लहान आकार दाखवायला नाही. हिंदीत 'विध्वंसक' वापरतात. मराठीत तो आणायची गरज नाही. 'विनाशिकेने', 'विनाशिकांचा' असं सहज चालतं, आणि वर्तमानपत्रांनी तो शब्द रुळवलाही आहे. लहान आकाराचा संबंध तर आता उरलेलाच नाही. नौदलांच्या आकाराला आळा घालणाऱ्या १९३० च्या लंडन करारात डिस्ट्रॉयरची कमाल मर्यादा १८५० टन धरली होती. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि २०२१ मध्ये नौदलात आलेली 'आयएनएस विशाखापट्टणम' ७४०० टनांची आहे, तरी विनाशिकाच. त्यामुळे जुन्या लढायांवरच्या लेखात पहिल्या उल्लेखापाशी टनांचा आकडा जरूर द्या, नाहीतर वाचक 'हॅवक'च्या जागी माझगावची नौका डोळ्यांपुढे आणेल.