तुमचे प्रश्न: आयुष्यभराची नेमणूक जजला कशाला हवी?

प्रश्न: अमेरिकेत फेडरल (म्हणजे केंद्राच्या कोर्टांतले) जज आयुष्यभरासाठी नेमतात असं वाचलं. ना निवडणूक, ना बदलीची भीती. मग असा माणूस मनमानी नाही का करणार? आणि सुप्रीम कोर्टाबद्दल सगळेच बोलतात, पण खाली जिथे खटला प्रत्यक्ष चालतो तिथल्या जजचं आयुष्य कसं असतं?

उत्तर: शंका रास्त आहे, पण याचं उत्तर नुसत्या नियमांत सापडणार नाही, एका माणसाची गोष्ट सांगावी लागेल. आधी नियम पटकन बघू. तिकडे 94 फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टं आहेत, साक्षीपुरावे, ज्युरी (म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिक), शिक्षा सगळं तिथेच चालतं. जजचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात, सिनेट, म्हणजे तिथल्या संसदेचं वरचं सभागृह, मंजूर करतं, आणि एकदा बसला की त्याला काढायचं तर महाभियोग लागतो. पगारसुद्धा कमी करता येत नाही, हे थेट राज्यघटनेतच लिहिलंय.

आता गोष्ट फ्रँक जॉन्सन यांची. जन्म 1918 चा, अलाबामा राज्यातल्या विन्स्टन काउंटीतला, म्हणजे गुलामगिरीवरून झालेल्या यादवी युद्धात राज्य अमेरिकेतून फुटून निघालं तेव्हा ज्या भागाने त्याला विरोध केला होता तिथला. महायुद्धात नॉर्मंडीत जखमी झाले, मग वकिली, मग सरकारी वकील, आणि 1955 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना अलाबामाची राजधानी माँटगोमेरीत जज नेमलं तेव्हा वय अवघं 37. खुर्चीवर नीट बसतायत तोच माँटगोमेरीत काळ्या लोकांचा बसवर बहिष्कार सुरू झाला आणि 1956 मध्ये बसमधल्या वर्णभेदाचा खटला त्यांच्यासह तीन जजांसमोर आला. दोन विरुद्ध एक असा निकाल लागला, बसमधला भेदभाव घटनाबाह्य, आणि बहुमतातल्या दोघांपैकी एक जॉन्सन. (या खटल्यात, बसमधली जागा सोडायला नकार देऊन गाजलेल्या रोझा पार्क्स नव्हत्या बरं का, ऑरेलिया ब्राउडर, क्लॉडेट कॉल्विन आणि आणखी दोन बायका होत्या, त्यांची नावं फारशी कुणी घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं.) त्याच वर्षी जॉन्सन यांच्या अंगणात धमकी म्हणून क्रॉस जाळला गेला.

जॉर्ज वॉलेस यांचा किस्सा तर सांगायलाच हवा. दोघं लॉ कॉलेजचे सोबती. 1958 च्या शेवटी वॉलेस राज्याच्या कोर्टात जज होते आणि काळ्या लोकांना मतदार नोंदणीत कसं डावललं जातं याची चौकशी करणाऱ्या केंद्राच्या आयोगाला नोंदवह्या द्यायला तयार नव्हते, जॉन्सननी द्या म्हणून आदेश काढला. मग वॉलेस एका रात्री गुपचूप जॉन्सन यांच्या घरी गेले, जुन्या ओळखीवर, शिक्षा झालीच तर थोडी हलकी करा म्हणून. जॉन्सन म्हणाले, नोंदवह्या द्या, नाहीतर जमेल तेवढी कडक शिक्षा देईन. शेवटी वॉलेसनी आडमार्गाने, ग्रँड ज्युरीच्या (खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या) हातून त्या पोचवल्या आणि बाहेर मात्र मी केंद्राला नमलो नाही असं सांगत फिरले. जॉन्सननी कोर्टाच्या अवमानाच्या आरोपातून त्यांना सोडलं, पण निकालपत्रात सगळा प्रकार लिहून ठेवला. तुरुंगात गेलेला हिरो होण्याची संधी काही दिली नाही.

1965 मध्ये अलाबामातल्याच सेल्माच्या पुलावर, काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी झोडपलं त्यानंतरचा आदेशही जॉन्सन यांचाच. पुन्हा मोर्चा काढायला लगेच हो म्हणाले नाहीत, आधी सुनावणी होईपर्यंत मोर्चा थांबवला, ज्याने चळवळीतले लोकही चिडले, मग साक्षी ऐकल्या, मारहाणीची फिल्म कोर्टात पाहिली आणि 17 मार्चला परवानगी दिली. अन्याय जेवढा मोठा, निषेधाचा हक्कही तेवढा मोठा, असा एकूण विचार. आणि आदेशात बारकावे किती, तर हायवे जिथे दोन लेनचा आहे तिथे एका वेळी 300 च्या वर माणसं चालणार नाहीत! मला ट्रायल जजचं काम इथे दिसतं, मोठं तत्त्व मांडायचं आणि उद्या सकाळी रस्त्यावर ते कसं पाळायचं हेही आपणच ठरवायचं.

किंमत घरच्यांनीही मोजली. 1967 मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला, नशिबाने ती वाचली. वर्षानुवर्षं मार्शल्सचा, म्हणजे केंद्राच्या पोलिसांचा पहारा. वॉलेस पुढे गव्हर्नर झाले आणि जाहीरपणे नावं ठेवत राहिले. तरी जॉन्सननी 1971 पासून मनोरुग्णालयांच्या आणि 1976 मध्ये तुरुंगांच्या दुरवस्थेवर राज्याला धारेवर धरलं. आता सांगा, दर चार वर्षांनी याच मतदारांपुढे हात जोडायचे असते तर त्यातला एक तरी निकाल आला असता का? आयुष्यभराची नेमणूक वाईट जजलाही मिळते हे खरं आहे, पण त्याच्या चुकीवर वर अपील तरी होतं, घाबरलेल्या जजवर मात्र काही औषध नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: मग हे जज रिटायर होतच नाहीत का?

उत्तर: सक्ती नाही. 65 वर्षं वय आणि 15 वर्षं सेवा झाली की सीनियर स्टेटस घेता येतं, म्हणजे काम कमी करायचं, पण जज राहायचंच, आणि आपली जागा नव्या माणसासाठी मोकळी होते. वय जास्त असेल तर सेवा थोडी कमी चालते, दोन्हींची बेरीज 80 व्हायला हवी आणि सेवा किमान 10 वर्षं. जॉन्सन 1979 मध्ये अपील कोर्टात गेले आणि 1991 मध्ये सीनियर झाले. कॅन्ससचे वेस्ली ब्राउन यांना 1962 मध्ये केनेडींनी नेमलं होतं, ते 2012 मध्ये वारले तेव्हा 104 वर्षांचे होते आणि तेव्हाही पदावरच होते, शेवटी शेवटी नाकाला ऑक्सिजनची नळी लावून कोर्टात बसायचे.

प्रश्न: यासाठी परीक्षा असते का?

उत्तर: नाही. राज्यघटनेत वयाची किंवा शिक्षणाची अटसुद्धा नाही. प्रत्यक्षात मात्र बहुतेक जण आधी बरीच वर्षं वकील, सरकारी वकील किंवा खालच्या कोर्टात जज असतात, आणि राज्याच्या सिनेटर्सचं मत फार चालतं.